जीपचा मागचा एक्सल गेला, आता काय?

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे काय भलतंच, हे तर गॅरेजवाल्याचं काम. गाडी दुरुस्त करणं गॅरेजवाल्याचंच काम आहे, मान्य. पण पैसे गटाचे आहेत, आणि गाडी घाटात थांबली तर दूध नासतं ते आपलं. आपल्या जावळी-महाबळेश्वर भागात बऱ्याच गटांनी आणि सभासदांच्या घरांनी जुन्या फोर व्हील जीप घेतल्यात. कुणाची एम.एम. ५४० आहे, कुणाची त्याहून जुनी. पावसात लाल चिखलातून दुधाचे कॅन आणि हिवाळ्यात मळ्यातून स्ट्रॉबेरीचे क्रेट डांबरी रस्त्यापर्यंत आणायला दुसरं काही चालत नाही. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलिस जीप जुळवायला सुरुवात केली आणि पुढे कितीतरी वर्षं त्याच घडणीच्या गाड्या निघत राहिल्या. त्यामुळे या गाड्यांचे सुटे भाग अजून मिळतात, आणि त्या दुरुस्त करणारे मिस्त्रीही मिळतात. मात्र मागचा एक्सल गेला की खर्चाचा आकडा ऐकून मीटिंगमध्ये सगळ्या गप्प होतात. म्हणून आज एवढ्याच एका गोष्टीवर बोलू.

आधी एक्सल म्हणजे काय ते बघू. गाडीच्या मागे वाकून पाहिलंत तर दोन्ही चाकांना जोडणारी लोखंडाची जाड नळी दिसते आणि तिच्यावर एक मोठा फुगीर गोळा दिसतो. या नळीला आणि गोळ्याच्या खोळीला हाउसिंग म्हणतात. गोळ्यात डिफरन्शियल असतं. इंजिनकडून येणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, तिथे येऊन एका लहान दातेरी चाकाला फिरवतो. तो पिनियन. पिनियन मोठ्या दातेरी चाकाला, म्हणजे क्राउनला फिरवतो. तिथून डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन शाफ्ट नळीतून चाकापर्यंत जातात. गॅरेजमध्ये या सगळ्यालाच एक्सल म्हणतात आणि नुसत्या एका शाफ्टलाही एक्सलच म्हणतात. घोटाळा इथूनच सुरू होतो. "एक्सल गेला" असं कुणी म्हणालं की आपला पहिला प्रश्न हा असावा: दादा, नेमकं काय गेलं? शाफ्ट, बेअरिंग, क्राउन-पिनियन, की हाउसिंग? चौघांचा खर्च चार तऱ्हेचा आहे.

शाफ्ट तुटला असेल तर ओळखायला सोपं. इंजिन चालू आहे, गिअर पडतो, क्लच सोडला तरी गाडी जागची हलत नाही, आणि खाली प्रोपेलर शाफ्ट मात्र गरगर फिरतोय. बेअरिंग गेलं असेल तर वेगाबरोबर वाढणारी घरघर येते, आणि चाक उचलून वर-खाली हलवलं तर खुळखुळतं. ब्रेकच्या ड्रममधून तेल पाझरून टायरच्या आतल्या बाजूला ओघळ दिसत असेल तर सील गेलंय. तेल लायनरला लागलं की त्या चाकाचा ब्रेक लागत नाही, म्हणून "थोडंच गळतंय" असं म्हणून सोडू नका. अ‍ॅक्सलरेटर दाबला की गुणगुण आणि सोडला की आवाज बदलतो, हे बहुधा क्राउन-पिनियनचं दुखणं. आणि गाडी निघताना नुसता एक ठण असा ठोका बसत असेल, तर आधी प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट बघायला सांगा. तो भाग फार स्वस्त आहे. अख्ख्या एक्सलच्या मानाने तो किरकोळच, आणि आवाज मात्र मोठ्या दुखण्यासारखा करतो.

हाउसिंग वाकलंय का, हे तर तुम्ही घरी बघू शकता. सपाट जागेवर गाडी उभी करा आणि गवंड्याचा ओळंबा मागच्या चाकाशेजारी सोडा. चाकाचा वरचा आणि खालचा काठ दोरीपासून किती लांब आहे ते मोजा. मग दुसऱ्या चाकाला तसंच करा. पुढची-मागची वाक बघायला दोन्ही मागच्या टायरवर, मध्याच्या उंचीला पुढच्या बाजूने खडूची खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. आता गाडी इतकी ढकला की त्याच खुणा फिरून मागच्या बाजूला येतील, आणि पुन्हा मोजा. मागच्या एक्सलची दोन्ही मापं सारखी यायला हवीत. फरक दिसला, किंवा मागचा एखादा टायर एकाच काठाने झिजत असेल, तर हाउसिंगवर संशय घ्यायला जागा आहे. वाकलेल्या नळीत नवा शाफ्ट घातला तर तोही लवकरच तुटतो. शिवाय नळीला तडा गेला असेल आणि कुणी म्हणालं की वेल्डिंग मारून देतो, तर माझं मत स्पष्ट आहे, नको. वेल्डिंगच्या तापाने नळी आणखी ओढली जाते, आणि त्या नळीवर गाडीचं सगळं मागचं वजन असतं.

आता जिवाशी संबंधित एक गोष्ट सांगते. ती कृपा करून घरातल्या गाडी चालवणाऱ्यालाही सांगा. अनेक जुन्या जीपना हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. तो गिअरबॉक्सच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो. हँडब्रेक ओढला की तो दांडा अडतो आणि दांड्यामुळे चाकं अडतात. पण मागचा एक शाफ्ट तुटला असेल तर? दांडा अडलेलाच राहतो, पण डिफरन्शियल आतल्या आत फिरतं आणि गाडी उतारावर सुटते. गाडी गिअरमध्ये ठेवली तरी हेच होतं, कारण गिअरही त्याच दांड्यावर काम करतो. म्हणजे केळघर घाटात शाफ्ट तुटला आणि चालक हँडब्रेक ओढून, गिअर टाकून खाली उतरला, तर त्याला वाटतं गाडी थांबलीय, पण ती कशावरच थांबलेली नसते. अशा वेळी पायातला ब्रेक सोडण्याआधी दुसऱ्याने चाकांना मोठे दगड लावायचे. फोर व्हीलचा लिव्हर टाकता आला, आणि पुढच्या चाकांचे हब लॉक असले, तर पुढची चाकं गाडी धरतात. पण दगड तरीही लावायचेच.

हेच एक चाक जॅकने उचलतानाही लक्षात ठेवा. हँडब्रेक दांड्यावर असलेल्या गाडीचं मागचं एक चाक उचललं, की जमिनीवरचं दुसरं चाक मोकळं होतं आणि गाडी जॅकवरून घसरू शकते. म्हणून आधी पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. जॅकखाली फळी ठेवा, आपल्या मातीत जॅक रुततो. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका. चॅसिसखाली घोडी नाहीतर भक्कम ठोकळे हवेतच.

फोर व्हील गाडी आहे ना, मग मागचा एक्सल तुटला तरी पुढच्या चाकांवर घरी आणता येईल का, असं एका ताईंनी विचारलं होतं. थोडं अंतर, रस्त्याच्या कडेला घेण्यापुरतं येईल. तेही मागचं चाक हाताने धरून हलवून बघा, ते आतबाहेर सरकत नसेल तरच. काही एक्सलमध्ये शाफ्टवरच गाडीचं वजन आणि चाक दोन्ही असतात. त्यात शाफ्ट बाहेरच्या टोकाला तुटला तर चाक शाफ्टसकट निघून येतं. काहींमध्ये वजन हबवर असतं आणि शाफ्ट नुसता फिरवायचं काम करतो. त्यात हबच्या मध्यभागी बोल्टांचं कडं दिसतं आणि चाक न काढता शाफ्ट बाहेर ओढता येतो. आपल्या गाडीला यातला कोणता आहे, हे आजच चालकाला विचारून ठेवा.

आता बदलायचं काय? नुसता शाफ्ट तुटला असेल आणि बाकी ठीक असेल, तर शाफ्ट, त्या बाजूचं बेअरिंग आणि सील बदला. तुटलेले तुकडे आणि लोखंडाचा चुरा हाउसिंगमधून पूर्ण साफ करून घ्या. नाहीतर तोच चुरा क्राउनच्या दातांत जातो. शिवाय ज्या गाड्यांत गोळा मधोमध नसून एका बाजूला असतो, त्यांचे डावा-उजवा शाफ्ट लांबीला सारखे नसतात. शाफ्ट आणायला जाणाऱ्याच्या हातात तुटलेल्या शाफ्टचे दोन्ही तुकडे द्या आणि दाते मोजून आणायला सांगा. क्राउन-पिनियन गेलं असेल तर दोन्ही एकत्रच, जोडीने बदलायचे. ते बसवणं नाजूक काम आहे. पातळ पत्र्या घालून दातांचा स्पर्श जुळवावा लागतो. मिस्त्रीने दातांना रंग लावून ठसा बघितला का, हे विचारा. जो म्हणतो, "त्याची गरज नाही, अंदाजाने बसवतो", त्याच्याकडून हे काम करून घेऊ नका.

हाउसिंगच गेलं असेल, किंवा आतले बरेच भाग एकदम गेले असतील, तर पूर्ण एक्सल बदलणं सोयीचं पडतं. पूर्ण नवा सहसा परवडत नाही. मग जुन्या बाजारातून, मोडीत काढलेल्या गाडीचा आणतात. त्यात वाईट काही नाही. पण फोर व्हील गाडीला एक अट आहे आणि नेमकी तीच गॅरेजमध्ये विसरली जाते.

क्राउनला जितके दाते आहेत त्याला पिनियनच्या दात्यांनी भागलं की जो आकडा येतो, तो एक्सलचा रेशो. ४३ दाते आणि ८ दाते असतील तर ४३ भागिले ८, म्हणजे सुमारे ५.३८. दुसऱ्या एक्सलमध्ये ३९ आणि ८ असतील तर सुमारे ४.८८. बाहेरून दोन्ही एक्सल सारखे दिसतात. पाट्यांवर सारखे बसतात. चाकाचे बोल्टही जुळतात. पण फोर व्हील टाकल्यावर पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. मग पुढे ५.३८ आणि मागे ४.८८ असेल तर पुढची चाकं दहा वेळा फिरेपर्यंत मागची अकरा वेळा फिरायला बघतात. एकाच गाडीची चाकं, एकाच रस्त्यावर, असं कसं फिरतील? बैलजोडीतला एक बैल सतत पुढे ओढतोय आणि दुसरा मागे राहतोय, तसं होतं. टायर घासतात, फोर व्हीलचा लिव्हर अडकून बसतो, आणि शेवटी मधला ट्रान्सफर गिअर किंवा एखादा शाफ्ट तुटतो.

यातली फसवी गोष्ट अशी की टू व्हीलमध्ये काहीच कळत नाही. गॅरेजवाला डांबरी रस्त्यावर चक्कर मारून दाखवतो, गाडी छान पळते, आपण पैसे देतो. पलीकडच्या खोऱ्यातल्या एका गटाच्या जीपचं असंच झालं. एक्सल बसवला उन्हाळ्यात. फोर व्हील पहिल्यांदा टाकलं पावसाळ्यात, चिखल लागल्यावर. काही दिवसांत ट्रान्सफर गिअरचा आवाज सुरू झाला आणि ऐन लावणीच्या दिवसांत गाडी उभी राहिली. तेव्हा मिस्त्रीचं म्हणणं असं, की मी बसवलेला एक्सल तर ठणठणीत आहे. खोटं नव्हतं ते. एक्सल ठणठणीतच होता, फक्त त्या गाडीचा नव्हता.

हा रेशो गोळा न उघडता मोजता येतो, आणि ते करायला मिस्त्री लागत नाही. खडू घ्या. पुढची चाकं दगडांनी नीट अडवा. मागचं एकच चाक उचला आणि घोडीवर ठेवा, दुसरं जमिनीवर राहू द्या. गिअर न्यूट्रलमध्ये, ट्रान्सफरचा लिव्हरही न्यूट्रलमध्ये ठेवा, आणि हँडब्रेक सोडा. हँडब्रेक सोडायचा आहे, म्हणूनच दगडांवर इतका भर देते. उचललेल्या चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूच्या खुणा करा. एकीने चाक हळूहळू बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि दुसरीने बाजूला बसून शाफ्टचे फेरे मोजायचे. दोनच फेरे का? दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असल्यामुळे डिफरन्शियल निम्मंच फिरतं, म्हणून. शाफ्टचे पाच फेरे आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त भरलं तर ५.३८. पाचाला थोडं कमी पडलं तर ४.८८. मग मागची चाकं अडवून, हब लॉक करून, पुढच्या एक्सलचंही असंच मोजा आणि गाडीच्या वहीत लिहून ठेवा. दुकानातल्या सुट्या एक्सलला हेच करता येतं: एका बाजूचं टोक घट्ट धरायचं, दुसरं दोन फेरे फिरवायचं आणि पिनियनचे फेरे मोजायचे. दोन बायका दुकानात खडू घेऊन फेरे मोजायला बसल्या की दुकानदार आधी हसतो, मग भाव नीट सांगतो. हे मी पाहिलेलं आहे.

रेशो जुळला की बाकीची मापं घ्या. दोन्ही टोकांमधली रुंदी, पाटे जिथे बसतात त्या दोन बैठकांमधलं अंतर, चाकाचे बोल्ट किती आणि किती अंतरावर, ब्रेक ड्रमचा आकार, प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडतो ते तोंड, आणि गोळा मधोमध आहे की कोणत्या बाजूला. गोळा चुकीच्या बाजूला असेल तर प्रोपेलर शाफ्ट तिरका पडतो आणि क्रॉस टिकत नाही. सुटा एक्सल घेताना त्यातलं तेल ओतून बघा. तेल दुधासारखं असेल तर आत पाणी गेलंय आणि बेअरिंग गंजलेली असू शकतात. चमकणारे कण किंवा लोखंडाचे कपचे निघाले तर तो एक्सल तिथेच सोडा. आणि पक्कं बिल घ्या, त्यावर विकणाऱ्याचं नाव-पत्ता आणि कोणत्या गाडीचा भाग ते लिहून घ्या. चोरीच्या गाडीचा भाग गटाच्या गाडीला लागलेला नको.

प्रत्यक्ष बसवण्याचं काम गॅरेजवर सोडा, पण काही गोष्टींकडे उभं राहून लक्ष द्या. जुने ब्रेक लायनर ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ड्रम उघडल्यावर हवा मारून धूळ उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसायला सांगा, आणि मुलांना तिथे थांबवू नका. पाटे आणि एक्सल बांधणारे यू-बोल्ट नवेच घाला, जुने ताणलेले असतात. पाट्याच्या मधल्या बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात बसलेलं हवं, नाहीतर एक्सल तिरका राहतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. शाफ्टच्या टोकाला मोठा नट असेल तर तो पूर्ण आवळून त्यात कॉटर पिन घातलेली बघा. गोळ्यात गिअरचं ९० नंबरचं तेल, हायपॉइड गिअरसाठीचं, भरायच्या भोकाच्या काठापर्यंत हवं. इंजिन ऑईल चालत नाही. हाउसिंगवर हवा जाण्यासाठी छोटी नळी किंवा टोपी असते, ती चिखलाने बुजलेली नको, नाहीतर तेल सील फोडून बाहेर येतं. ब्रेकचा पाइप सोडलेला असतो, म्हणून ब्रेकमधली हवा काढल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढायची नाही. आणि ट्रायल घेताना मातीच्या रस्त्यावर फोर व्हील टाकून, पुन्हा काढून दाखवायला सांगा. लिव्हर सहज निघाला पाहिजे.

एवढा खर्च करण्याआधी पाटे जिथे चॅसिसला जोडतात तिथे स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. गंजून पापुद्रे निघत असतील तर नवा एक्सल बांधणार कशाला? अशी गाडी मी तरी दुरुस्त करायला सांगणार नाही. विम्याच्या भरवशावरही राहू नका. झीज आणि यांत्रिक बिघाड साध्या वाहन विम्यात येत नाही, आणि नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळतच नाहीत.

पैशाचं काम तर आपल्याला येतंच. दोन-तीन गॅरेजचे भाव लेखी घ्या, त्यात भाग, मजुरी, तेल, यू-बोल्ट वेगवेगळे लिहून घ्या. ठराव करून मगच आगाऊ रक्कम द्या. भाव मी इथे सांगत नाही, गाडीगणिक आणि गावागणिक तो बदलतो. पण एक्सल तुटला का, हाही प्रश्न त्याच मीटिंगमध्ये घ्या. चाळीस लिटरचा भरलेला कॅन पंचेचाळीस किलोच्या वर जातो. पंधरा कॅन म्हणजे पावणेसातशे किलोच्या वर, आणि त्यावर चार माणसं बसतात. आर.सी.वर गाडीचं रिकामं आणि भरलेलं वजन लिहिलेलं असतं. दोघांची वजाबाकी करा आणि तो आकडा चालकाच्या समोर, गाडीतच लावा.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर यू-बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या. त्या दिवशी बराच वेळ गाडी चालल्यावर दोन्ही ड्रम आणि गोळा हाताच्या पाठीने चाचपून बघा. कोमट असणं ठीक. एक ड्रम दुसऱ्यापेक्षा खूप तापला असेल तर ब्रेक किंवा बेअरिंग घट्ट आहे. जुना एक्सल गॅरेजवाल्याकडे सोडून येऊ नका. त्यातला न तुटलेला शाफ्ट, ड्रम, चांगली बेअरिंग काढून, ग्रीस लावून, गोणपाटात बांधून ठेवा. उरलेलं हाउसिंग भंगारात किलोवर विका आणि ती रक्कम गटाच्या रोकडवहीत जमा धरा.